उसनी बाई

"बाई, बाळ इकडे द्या आणि तुम्ही आत बसा बरं. पाळण्यापाशी नको."

वहिनी हे बोलली तेव्हा बाळ माझ्याच हातात होतं. नुकतं न्हाऊन आलेलं. टाळूवर तेल मी घातलेलं, काजळ मी घातलेलं, कुंचीचे बंद माझ्या बोटांनी बांधलेले. पाळणा लोखंडी होता, कुणाकडून तरी मागून आणलेला. त्याचा एक पाय डुगडुगत होता म्हणून खाली पुठ्ठ्याची घडी मी सारली होती. दोरीची गाठ माझी. घुगऱ्या मी शिजवलेल्या. आणि पाळण्यापाशी मी नको.

का नको, ते खोलीतल्या सगळ्या बायकांना ठाऊक होतं. माझ्या कपाळाला कुंकू नव्हतं. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. बारशाच्या पाळण्याला विधवेचा हात लागू नये. बारा दिवस याच हातांनी बाळाला चोळलं, त्याची घाण काढली, तेव्हा हात चालले.

मी बाळ दिलं. आत गेले. घुगऱ्यांची परात घेऊन परत दारापर्यंत आले, कारण ती आणायला दुसरं कुणी नव्हतं.

"ही कोण हो?" एका बाईने विचारलं. ती आमच्या साहेबांच्या मोठ्या साहेबांची बायको. दादरकडची. सगळ्या तिला ताई म्हणायच्या आणि तिच्यासाठी खुर्ची पुढे सरकवायच्या.

"आमची बाई," वहिनी म्हणाली. "कोकणातून मुद्दाम आणवलीय. अडाणी आहे, पण आम्ही चालवून घेतो. आणि सोशिक किती! काही बोला, कपाळाला आठी नाही."

"मग आमच्या सुनेच्या वेळी द्या की."

"द्या काय, पाठवतेच! पुढच्या आठवड्यात गाडी पाठवा. दोन महिने ठेवून घ्या."

"परत देताना घासूनपुसून देऊ ना?"

सगळ्या हसल्या. खूप हसल्या. मी परात खाली ठेवली.

माझी लेक शेवंती गावी गरोदर होती. पहिलटकरीण. घरातलं बारसं उरकलं की मी गावी जाणार, असं वहिनीने मला कबूल केलं होतं. स्वतःच्या तोंडाने. आणि आता ती मला दोन महिने दुसऱ्याच्या घरी देत होती. मी समोर उभी असताना. मला न विचारता.

तेव्हा मी वहिनीला अहो-जाहो करत होते. ती वयाने माझ्याहून लहान. आता लिहिताना करत नाही. कुणाला खटकलं तर खटको.

मी रत्नागिरीकडची. चौथीपर्यंत शाळा. बाळंतिणीला आणि बाळाला न्हाऊ घालणं, चोळणं, शेक देणं, हे माझं काम. आईकडून माझ्याकडे आलं. पाटावर पाय लांब करून बसायचं, बाळाला नडग्यांवर पालथं घालायचं, वरून ऊन पाणी सोडायचं. यात विद्या काही नाही. सवय आहे.

वहिनीचं माहेर पुण्याचं. तिचा नवरा, म्हणजे आमचे साहेब, बहारीनला इंजिनियर. त्यांच्या पहिल्या मुलीच्या वेळी तिच्या आईला तिकडे जाणं जमेना, तेव्हा कुणाच्या तरी ओळखीने मला बोलावलं. मुंबईहून बोटीने गेले. डेकवर, बाजूला माणसं, पेट्या, कोंबड्या. दर बंदराला बोट थांबायची आणि माझ्या पोटातलं सगळं बाहेर यायचं. दोन महिन्यांसाठी म्हणून गेले होते. मग म्हणाले राहा. मुलगी सांभाळा, स्वयंपाक करा. मी राहिले. गावी शेवंती माझ्या भावाकडे होती आणि तिचं लग्न व्हायचं होतं.

बहारीनच्या गुदैबिया भागात दुसऱ्या मजल्यावर घर. खाली घरमालक, म्हातारा अरब. वर आम्ही. नळाला मचूळ पाणी. प्यायला आणि बाळाच्या अंघोळीला गोडं पाणी विकत यायचं, कॅन भरून. कॅन जिन्याने वर मी आणायचे.

पुढे मराठी घरांत कुणाला दिवस गेले की वहिनीला फोन यायचा. "तुमची बाई मिळेल का?" वहिनी म्हणायची, "हो, न्या की." मी जायचे. एका घरातून दुसऱ्या. इंजिनियरांची घरं, हिशेबनिसांची घरं, बँकेतल्या साहेबांची घरं. माझी पिशवी कायम अर्धी भरलेली. त्या बदल्यात वहिनीला काय मिळायचं? पैसे नाहीत. ती तसली नव्हती. तिला मान मिळायचा. तिथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत आरतीचं ताट तिच्या हातात यायचं. कुणी मुंबईहून आलं की तिच्यासाठी आंबे यायचे. आपल्या घरातली वस्तू चार घरांत लागते, याचा तो मान होता.

मला कुणी मारलं नाही. उपाशी ठेवलं नाही. हे आधीच सांगते, कारण लोक तेच विचारतात. मारलं का? नाही ना? मग?

मग ऐका. वहिनीच्या या दुसऱ्या बाळंतपणात ती म्हणाली, शेक झाला, आता धुरीही हवी. तिच्या आईने पत्रातून कळवलं होतं, ओवा आणि बाळंतशोपा निखाऱ्यावर टाकून बाजेखाली धुरी द्या. मी म्हटलं, "वहिनी, इथं खिडक्या बंद, एसी चालू. धूर जाणार कुठं? थोडा वेळ एसी बंद करा, खिडकी उघडते."

"उघडू नका. बाळाला वारा लागेल. आईने सांगितलंय तसं करा."

केलं. बाजेखाली घमेलं ठेवलं. धूर एसीने ओढला आणि बाहेरच्या बाजूने भसाभस सोडला. खालच्या गल्लीतून ओरडा. "नार! नार!" म्हणजे आग. घरमालक पाण्याची बादली घेऊन धापा टाकत वर आला. मागे शेजारची पोरं, पाकिस्तानी न्हावी, सगळी गल्ली. वहिनी बाजेवरून उठून बसली आणि आधी माझ्याकडे बोट केलं.

"शी इज फ्रॉम व्हिलेज," ती म्हणाली. "नो एज्युकेशन." एवढं इंग्रजी मला कळत होतं.

घरमालकाने घमेल्यात वाकून बघितलं. वास घेतला. तरुणपणी तो मोत्यांच्या व्यापारात मुंबईला राहिलेला, त्यामुळे हिंदी बोलायचा. म्हणाला, "अरे बाबा, ये तो बच्चावाली का धुआँ है. हमारी माँ भी करती थी. लेकिन खिडकी खोल के करती थी!" आणि हसत बादली घेऊन खाली गेला. पोरांनी जाताना माझी नक्कल केली, खोकत, डोळे चोळत.

मी वहिनीकडे बघितलं. ती म्हणाली, "जाऊ दे हो बाई, तुम्ही मनावर घेत नाही म्हणून बरं."

मी मनावर घेत नव्हते, हे तिने ठरवलं होतं.

या सगळ्याच्या आधी, वहिनीच्या कळा सुरू झाल्या त्या दिवशी, एक शब्द माझ्या कानावर पडला होता. तो सांगायला हवा.

दवाखान्यात एक गोरी सिस्टर होती. उंच, हाडकुळी, माझ्याच वयाची. स्कॉटलंडची. आधी काही वर्षं हिंदुस्थानात काढलेली. तिची हिंदी मोडकी, माझी त्याहून मोडकी, म्हणून आमचं जमायचं. मी बऱ्याच घरांतल्या बायकांबरोबर तिथं गेले होते, त्यामुळे ती मला आत येऊ द्यायची. वहिनी खाटेचे दांडे धरून ओरडत होती. सिस्टर तिचा हात धरून पुन्हा पुन्हा एकच म्हणत होती. "थोल. थोल इट." मी दुसऱ्या बाजूने म्हणत होते, "सोसा वहिनी, सोसा." दोघींचा सूर एकच. सिस्टरने माझ्याकडे बघितलं आणि हसली.

मूल झालं. मुलगा. नंतर व्हरांड्यात चहा पिताना मी विचारलं, "सिस्टर, थोल क्या?"

ती म्हणाली, "मेरी दादी का शब्द. बहुत पुराना. लंडनवाला लोग अब नहीं बोलता. हम लोग बोलता."

"मतलब?"

"दर्द होता, उठाना. रोना नहीं, भागना नहीं. उठाना."

"सोसणं," मी म्हटलं.

"हाँ. और एक मतलब." तिने कप खाली ठेवला. "कुछ खराब चलता. तुम रोक सकता. लेकिन चलने देता. वो भी थोल."

मी म्हटलं, "दोनों एक कैसे? एक में तो आदमी मजबूर है."

"दादी को पूछना पड़ेगा," सिस्टर म्हणाली. "वो मर गई."

आम्ही दोघी हसलो. मग ती उठताना म्हणाली, "दादी ने पहिलावाला बहुत किया. दूसरावाला भी बहुत किया. दादाजी बदमाश था."

मी त्यावर फार विचार केला असं नाही. मला कामं होती. पण बाळाचे लंगोट धुताना ते डोक्यात यायचं. मी जन्मभर बायकांना म्हणत आले, सोसा. आणि ते बरोबरच होतं. कळा सोसायच्या, कारण त्या संपतात आणि संपल्यावर हातात मूल येतं. त्या सोसण्याला शेवट असतो. माझं जे चाललं होतं त्याला शेवट कुठं होता? त्याच्या शेवटी माझ्या हातात काय येणार होतं? घासलेली परात.

त्याच सुमाराला चंदू गावाहून रजा संपवून आला. चंदू आमच्या शेजारच्या वाडीतला, ड्रायव्हर. मआमीरला कंपनीच्या कॅम्पात राहायचा. जिन्यात उभा राहून त्याने मला आमसुलांची पुडी दिली आणि निरोप दिला.

"मावशे, तुझ्या शेवंतीला नववा लागलाय. सासरीच आहे. मला बोलली, आयेला सांग, माझं बाळंतपण दुसऱ्या कुणाच्या हाती देऊ नकोस."

"कशी आहे?"

"पाय सुजलेत. तोंड उतरलंय. बाकी तुझ्यासारखीच, ऐकून घेत नाही कुणाचं."

"माझ्यासारखी?" मी म्हटलं. "मी तर सगळ्यांचं ऐकून घेते."

"इथं घेत असशील," चंदू म्हणाला.

त्याच दिवशी मी वहिनीला सांगितलं. ती म्हणाली, "अहो जा की, लेकीपेक्षा काय जास्त आहे? फक्त बारसं होऊ दे." मी बारशापर्यंत थांबले. आणि बारशाच्या दिवशी काय झालं, ते वर सांगितलंच.

पाहुणे गेल्यावर मी भांडी घासली. मग वहिनीपुढे जाऊन उभी राहिले. म्हटलं, "तुम्ही कबूल केलं होतं."

"हो, पण बघताय ना. ताईंनी सगळ्यांसमोर मागितलं. यांचं प्रमोशन त्यांच्या मिस्टरांच्या हातात आहे. मी नाही कशी म्हणणार?"

"मी म्हणू?"

तिला वाटलं मी गंमत करतेय. "झोपा जा बाई," ती म्हणाली. "दमलात."

पुढच्या आठवड्यात गाडी आली. लांबलचक, पांढरी. ताई स्वतः वर आली, घाम पुसत. माझी पिशवी दारात ठेवलेली होती. मी भरली नव्हती. वहिनीने भरली होती. माझी लुगडी, माझी तेलाची बाटली, शेवंतीसाठी घेतलेलं झबलं. माझ्या ट्रंकेत हात घालताना तिला काही वाटलं नव्हतं.

"चला बाई, गाडी खोळंबलीय."

"मी येत नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे नाही. माझ्या लेकीचे दिवस भरत आलेत. मला गावी जायचंय."

"अहो, मी ताईंना शब्द दिलाय."

"मलाही दिला होता."

ताई दारातूनच म्हणाली, "हिच्या लेकीचं गावात कुणीतरी करेलच ना. तिकडे काय बायकांना तोटा आहे?"

"मग तुमच्या सुनेचंही कुणीतरी करेल."

"किती बोलते हो ही!" ताई वहिनीकडे वळली. "तुम्ही तर म्हणालात सोशिक आहे."

वहिनीचं तोंड लालभडक झालं. मला दरडावावं की समजवावं, तिला कळेना. शेवटी गोड आवाज काढला. "बाई, आतापर्यंत एवढं सोसलंत. अजून दोन महिन्यांनी काय होणार आहे?"

"बाळंतपण होणार आहे," मी म्हटलं. "माझ्या लेकीचं. कढई मागावी तसं तुम्ही मला मागता आणि कढई द्यावी तसं मला देता. कढईला लेक नसते."

मी पिशवी उचलली आणि परत आत नेऊन ठेवली. एवढंच केलं. मोठं काही केलं नाही. 

संध्याकाळी साहेब आले. साहेब कधी वाईट बोलायचे नाहीत. ते काहीच बोलायचे नाहीत. त्या दिवशी बोलले. "बाई, तुमचा व्हिसा माझ्या नावावर आहे. पासपोर्ट माझ्याकडे आहे. मी सोडल्याशिवाय तुम्हाला जाता येणार नाही. समजतंय ना?"

"समजतंय. मग मीही काम करणार नाही."

"असं कसं?"

"असंच."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठले, माझ्यापुरती पेज केली, प्यायले आणि स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात चटईवर बसले. भांडी तशीच. गोड्या पाण्याचे कॅन खाली जिन्यात तसेच. बाळाच्या अंघोळीची वेळ झाली. बाळ रडायला लागलं. वहिनीने बाथरूममध्ये पाट मांडला, स्वतः बसली, बाळ नडग्यांवर घ्यायला गेली आणि घाबरून परत उचललं. मला हाक मारली. मी उठले नाही. बाळ रडून रडून निळं झालं. मी उठले नाही.

बाळाचा काय दोष, असं तुम्ही म्हणाल. वहिनीही म्हणाली. डोळ्यांत पाणी आणून म्हणाली, "तुम्हाला काळीज नाही का?" मी विचारलं, "माझ्या लेकीचा काय दोष?"  मला बाळाची दया आली का? आली. पण याच दयेवर त्यांचं घर चाललं होतं. बाईला दया येणार, बाई उठणार, हे धरूनच माझी पिशवी भरली गेली होती.

असे बरेच दिवस गेले. वहिनी बाळाला ओल्या फडक्याने पुसून काढायची. मंडळातल्या बायका येऊन मला समजावून गेल्या. एक म्हणाली, "मावशी, परदेशात असं करू नये. आपल्या माणसांनीच सांभाळून घ्यायचं एकमेकांना." मी म्हटलं, "घ्या ना मग. मी कधीची वाट बघतेय." दुसरी म्हणाली, "हिला कुणीतरी भरवलंय." कुणी भरवायला हवं, एवढंच त्यांना सुचलं.

मी दुपारी खाली जिन्याच्या पायरीवर बसायचे. घरमालक नमाजाहून येताना दिसायचा. एकदा थांबला.

"क्या बाई, आज काम मफी?" मफी म्हणजे नाही.

"काम मफी."

"बीमार?"

मी सांगितलं. लेक, बाळंतपण, पासपोर्ट. तो ऐकत राहिला, हातातली माळ ओढत. साहेब कामावरून आले तेव्हा तो तिथंच होता. जिन्यातच त्याने साहेबांना अडवलं. "इंजिनियर साब, इसकी लड़की को बच्चा होने वाला है. तुम पासपोर्ट अलमारी में रखता? ऐब. ऐब."

ऐब म्हणजे लाज वाटायची गोष्ट. हे साहेबांनाही कळलं. त्यांनी मान खाली घातली आणि वर गेले. रात्रीच्या जेवणाआधी पासपोर्ट टेबलावर आला. "खलास. जा," साहेब म्हणाले.

माझ्यामुळे तो टेबलावर आला असं मी समजत नाही. मी मराठी, मी कामवाली, माझ्यापुढे साहेबांना लाज वाटायचं कारण नव्हतं. ती त्यांना घरमालकापुढे वाटली. पण मी पायरीवर बसले नसते तर घरमालकाने विचारलं नसतं. एवढं माझं.

जायचं तेव्हा विमानाने पाठवू, असं ठरलं होतं. तिकीट आलं ते बोटीचं. वहिनी म्हणाली, "विमानाला जागा नाही." असेल किंवा नसेल. बोट कुठल्या दिवशी सुटणार, तेही ठरेना. शेवटी चंदूने मला बंदरावर सोडलं. निघताना वहिनीच्या मोठ्या मुलीने, मीच न्हाऊ घातलेल्या पहिल्या मुलीने, इंग्रजीत विचारलं, मी परत कधी येणार. तिला मराठी कळायची, पण ती बोलायची नाही. मी मराठीत सांगितलं, "तुझ्या घरी कधीच नाही." तिला कळलं. वहिनीलाही कळलं.

बोटीला पोचायला लागायचे तेवढे दिवस लागले. प्रत्येक बंदराला थांबली. मी डेकवर बसून शेवंतीचे दिवस मोजायचं बंद केलं. मोजून बोट पळत नाही.

पोचले तेव्हा बारसं होऊन गेलं होतं.

मुलगी झाली होती. शेवंतीला ताप येऊन गेला होता, फार गेला होता. वाडीतल्या एका म्हातारीने दोघींना न्हाऊ घातलं होतं, जमेल तसं. शेवंती बाजेवर बसून होती. डोळे खोल गेलेले. माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "आलीस?"

"आले."

"मी हाका मारत होते, आये. तुझ्या नावाने. सगळ्या हसल्या, म्हणे आय अरबस्तानात, तिला कुठं ऐकू जाणार."

 काय बोलणार? मी तिथं कुणाकुणाच्या बाजेशी उभी राहून 'सोसा' म्हणत होते, हे सांगू? नातीला नडग्यांवर घेतलं, तेव्हा ती महिन्याची होत आली होती. अंग घट्ट झालेलं. पहिल्या दिवसांत बाळाचं अंग लोण्यासारखं असतं. ते मला माझ्या नातीचं मिळालं नाही. कितीतरी इंजिनियरांच्या मुलांचं मिळालं.

आणि आणखी एक खरं ते सांगते. मी वेळेवर पोचले असते, तरी शेवंतीच्या सासूने मला पाळण्यापाशी उभं केलं असतं का? नसतं केलं. पुण्याच्या वहिनीने जे केलं तेच आमच्या वाडीतही करतात. मीसुद्धा गावी असताना अशी कितीदा आपणहून मागे सरले होते. कुणी सांगायच्या आत.

शेवंतीच्या घरातल्या बायका मला म्हणाल्या, "तू बाहेरगावी राहून हट्टी झालीस." मी म्हटलं, "उशीर झाला. आधीच व्हायला हवं होतं."

पुढे काही वर्षांनी मी परत बहारीनला गेले. ऐंशी साल उलटलं होतं. शेवंतीचा नवरा आजारी पडला, घर चालवायला कुणीतरी हवं होतं. मुहर्रकला एक रत्नागिरीकडचंच कुटुंब, वर्कशॉपवालं. या वेळी विमानाने गेले. पासपोर्ट माझ्या ट्रंकेत, ट्रंकेची किल्ली माझ्या गळ्यात. आणि पहिल्याच दिवशी, पाट मांडायच्या आधी, मी त्या घरच्या सुनेला, म्हणजे बाळंतिणीला, आणि तिच्या नवऱ्याला समोर बसवून सांगितलं.

"मी बाळ न्हाऊ घालीन. बाळंतीण सांभाळीन. पण बारशाला पाळण्याची पहिली दोरी मी ओढणार. कपाळाला कुंकू नसताना. चालत असेल तर हो म्हणा. आणि मला दुसऱ्या घरी द्यायचं झालं तर आधी मला विचारायचं."

नवरा हसला. म्हणाला, "मावशी, एवढंच ना? चालेल."

बारशाचा दिवस आला. मुलाची आत्या सौदीहून आली होती. पाहुण्या जमल्या. मी बाळ घेऊन पाळण्यापाशी गेले. आत्या पुढे झाली आणि हळू आवाजात, अगदी आदराने म्हणाली, "मावशी, तुम्ही आमच्या मोठ्या. पण आजच्या दिवस आत बसता का? लोक काय म्हणतील. तुम्ही समजूतदार आहात."

मी सुनेकडे बघितलं. तिने जमिनीकडे बघितलं. मी तिच्या नवऱ्याकडे बघितलं. तो म्हणाला, "मावशी, आजच्यापुरतं चालवून घ्या ना."

मी बाळ त्याच्या हातात दिलं. त्याला धरता येत नव्हतं, त्याचा हात सरळ करून मान नीट टेकवून दिली. मग आत गेले, ट्रंक उचलली आणि चपला घातल्या. सून रडायला लागली. आत्या म्हणाली, "एवढ्याशा गोष्टीवरून?"

"तुमच्यासाठी एवढीशी असेल तर मला करू द्या," मी म्हटलं.

 कुणीच पुढे झालं नाही. मी जिना उतरले.

त्यानंतर बहारीनला काय आणि गावात काय, मी पुष्कळ बाळं न्हाऊ घातली. जिथं अट कबूल झाली आणि पाळली गेली, तिथंच शेवटपर्यंत राहिले. बाकीच्यांची कामं गेली, ती गेली. माझं वय झालंय, हात थरथरतात, आता मी न्हाऊ घालत नाही. पण शेवंतीच्या मुलीला दिवस गेलेत. तिच्या सासरी मी निरोप धाडून ठेवलाय. पहिली दोरी पणजी ओढणार. नको असेल तर आत्ताच सांगा, म्हणजे मी पाळण्याला गाठही बांधणार नाही.

कळा तिने सोसाव्यात. त्या संपतात. बाकीचं आमच्या घरात आता कुणी सोसायचं नाही.